जिवलग वैरीण

परीक्षा आटोपल्या, की घरातल्या नववी-दहावीच्या मुलीचा मुक्काम दिवाणावर पडतो. हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक. मुखपृष्ठ काळे, नाहीतर लालभडक, आणि नावात हमखास ‘मर्डर’, ‘लायर’ किंवा ‘डेड’ यांपैकी एखादा शब्द. जेवायला हाक मारली, तर ‘एवढं प्रकरण संपवून आले गं’ असे उत्तर येते. आईच्या मनात मग एकाच वेळी दोन विचार येतात. मोबाइल बाजूला ठेवून पोरगी वाचते आहे, याचे बरे वाटते. पण वाचते काय, तर खून! तोही कुणा चोर-दरोडेखोराने केलेला नव्हे. शाळेतल्याच मुलामुलींतला, बहुतेक वेळा एकमेकींच्या गळ्यात गळा घालून हिंडणाऱ्या मैत्रिणींच्या घोळक्यातला.

हे पुस्तक काढून घ्यावे, की वाचू द्यावे? पुण्यापासून इंदूर-बडोद्यापर्यंत ज्या ज्या घरात इंग्रजी माध्यमाची मुलगी आहे, तिथे हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असतो. उत्तर देण्याआधी त्या काळ्या मुखपृष्ठाच्या आत नेमके काय आहे, ते पाहायला हवे.

हे आले कुठून?

खुनाच्या गोष्टी वाचण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. आजोबांच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्या. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक लिहिल्या, म्हणजे त्या लपवून वाचणारेही तेवढेच असले पाहिजेत! पण झुंजार काय किंवा काळापहाड काय, त्यांचे शत्रू बाहेरचे असत. आजच्या मुलींच्या हातातल्या पुस्तकांत शत्रू शेजारच्या बाकावर बसतो आणि डब्यातली पोळी वाटून खातो. धसका वाटतो तो याचाच.

पुस्तकांच्या दुकानांत या प्रकाराला ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणतात. बालवाङ्मय मागे टाकलेल्या, पण मोठ्यांच्या कादंबऱ्यांत अजून न रमणाऱ्या वाचकांसाठीचे हे लेखन. अमेरिकेत त्याची सुरुवात साधारणपणे एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’ (१९६७) या कादंबरीपासून मानतात. ती लिहायला घेतली, तेव्हा लेखिका स्वतःच शाळकरी मुलगी होती. मुलांच्या टोळ्यांवरचे पुस्तक एका मुलीने लिहिले आहे हे कळले, तर समीक्षक त्याला किंमत देणार नाहीत, म्हणून प्रकाशकांनी तिच्या नावाची नुसती आद्याक्षरे छापली.

या साहित्यात रहस्याची आणि मृत्यूची वाट ज्यांनी रुळवली, त्यांत लुईस डंकन यांचे नाव आधी घ्यावे लागते. ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ ही त्यांची कादंबरी १९७३ची. चार तरुण मित्रमैत्रिणी रात्री गाडीतून येताना सायकलवरच्या एका मुलाला उडवतात आणि तिथून निघून जातात. कुणाला काही सांगायचे नाही, अशी शपथ आपापसात घेतात. पुढच्या उन्हाळ्यात चिठ्ठी येते : तुम्ही काय केलेत ते मला ठाऊक आहे. १९९७ मध्ये यावर हॉलिवूडचा चित्रपट निघाला आणि त्यावरून बेतलेला ‘कुछ तो है’ हा हिंदी चित्रपट २००३ मध्ये आपल्याकडेही लागला होता.

त्यानंतर आर. एल. स्टाइन यांची ‘फिअर स्ट्रीट’ मालिका आली (१९८९ पासून). सारा शेपर्ड यांच्या ‘प्रिटी लिटल लायर्स’चे पहिले पुस्तक २००६चे, आणि त्यावरची दूरचित्रवाणी मालिका २०१० ते २०१७ अशी सात वर्षे चालली. कॅरेन मॅकमॅनस यांचे ‘वन ऑफ अस इज लाइंग’ २०१७ मध्ये आणि हॉली जॅक्सन यांचे ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ २०१९ मध्ये निघाले. या शेवटच्या पुस्तकावर बीबीसीने २०२४ मध्ये मालिका केली. ती नेटफ्लिक्सवरून इतर अनेक देशांतही दाखवली गेली. मुली आधी मालिका पाहतात आणि मग पुस्तक मागतात, किंवा याच्या उलटही होते.

खून निमित्ताला

या पुस्तकांतली दोन-चार ओळीने वाचली, की एक गोष्ट ध्यानात येते. खून हा नुसता दरवाजा आहे. आत गेल्यावर जे दिसते, ते मैत्रीचे घर आहे आणि त्या घराची भिंतन्‌भिंत पोखरलेली आहे.

‘प्रिटी लिटल लायर्स’मधली अ‍ॅलिसन पाहा. पेनसिल्व्हेनियातल्या रोजवूड नावाच्या काल्पनिक गावात पाच मैत्रिणींचा कंपू आहे आणि अ‍ॅलिसन त्याची राणी. बाकी चौघींपैकी प्रत्येकीचे एकेक गुपित तिच्याजवळ आहे. प्रत्येकीला वाटते, आपलेच तेवढे तिला माहीत आहे. ती ते कधी उघड करत नाही. फक्त अधूनमधून, चार जणींत, हसत हसत त्याच्या जवळून जाते. एवढ्यावर चौघी तिच्या मुठीत राहतात. सातवीच्या अखेरीस अ‍ॅलिसन नाहीशी होते. तीन वर्षांनी या चौघींना ‘ए’ या अक्षराच्या सहीने निरोप येऊ लागतात. त्यात असे काही असते, जे फक्त अ‍ॅलिसनलाच ठाऊक होते. रहस्य तर उत्तमच आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला खरे भिववते ते दुसरेच : आपण ज्या मैत्रिणीला मनातले सांगितले, ती ते जपून ठेवते आहे, की साठवून ठेवते आहे?

‘वन ऑफ अस इज लाइंग’मध्ये शिक्षा म्हणून शाळा सुटल्यावर थांबवलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी एक जण, सायमन, सगळ्यांच्या देखत कोसळतो आणि मरतो. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती आणि त्याच्या पाण्यात शेंगदाण्याचे तेल होते. हा सायमन शाळेतल्या मुलांची लफडी मोबाइलवर जगजाहीर करत असे. उरलेल्या चौघांचीही गुपिते त्याच्याकडे तयार होती. त्यांतली अ‍ॅडी ही शाळेतल्या सर्वांत रुबाबदार टोळक्यातली. काय घालायचे, कुणाशी बोलायचे, सारे तिचा मित्र ठरवतो आणि तिला ते प्रेम वाटते. तिचे गुपित फुटते, तेव्हा एका दिवसात सारे टोळके तिच्याकडे पाठ फिरवते. मग तिला सावरतात, ती आजवर ज्यांच्याकडे फारसे पाहतही नव्हती अशी माणसे.

‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ची नायिका पिप ही सतरा वर्षांची, इंग्लंडमधल्या लहान गावातली अभ्यासू मुलगी. पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही देखणी विद्यार्थिनी नाहीशी झाली. तिचा मित्र सल सिंग याने तिला मारले आणि मग आत्महत्या केली, असे गावाने ठरवून टाकले. खटला नाही, निकाल नाही, तरी सिंग कुटुंबाकडे लोक तिरस्काराने पाहतात. सल असे करणे शक्य नाही, असे पिपला वाटते, आणि शाळेच्या प्रकल्पाच्या निमित्ताने ती तपास सुरू करते. सलचा भाऊ रवी तिला साथ देतो. यातला मैत्रीचा धागा असा : त्या रात्री सल आमच्याबरोबर होता, असे सलचे मित्र पोलिसांना आधी सांगतात. नंतर तेच मित्र साक्ष फिरवतात. का फिरवतात, ते वाचणाऱ्याच्या आनंदासाठी इथे सांगत नाही. पण त्या मित्रांतली एक जण पिपच्या सर्वांत जवळच्या मैत्रिणीची थोरली बहीण आहे, हे सांगायला हरकत नाही. ज्या घरात लहानपणापासून हक्काने जेवलो, त्याच घरातल्या माणसांची नावे संशयितांच्या यादीत लिहायची वेळ पिपवर येते.

गुपिताची ओलीस, गप्प बसण्याची शपथ आणि ऐन वेळी पाठ फिरवणे. तिन्ही पुस्तकांत खुनी वेगळा, गाव वेगळे, पण मैत्रीतले हे रोग तेच आहेत. आणि ते कुठल्याही शाळेत, कुठल्याही गल्लीत आढळतात. त्यासाठी कुणाचा खून व्हावा लागत नाही.

न दिसणारा मार

मुलगे भांडले तर शर्टाची बटणे तुटतात, गुडघे फुटतात. आईला दारातच कळते. मुलींच्या भांडणाची खूण अंगावर नसते. ‘आजपासून हिच्याशी बोलायचं नाही’ एवढे एक वाक्य पुरते. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये शाळकरी मुलांवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या प्रकाराला त्यांनी हिंसेचाच एक प्रकार म्हणून मोजले. गटातून बाहेर टाकणे, ‘माझं ऐकलं नाहीस तर मैत्री तोडीन’ अशी धमकी देणे, कंड्या पिकवणे. हात न उगारता, नात्यालाच हत्यार करून केलेला हा मार. मुलांपेक्षा मुलींत तो अधिक दिसतो आणि त्याचा संबंध एकटेपणाशी व उदासीशी आहे, असे त्यांना आढळले.

पुढे रोझलिंड वाइजमन यांनी २००२ मध्ये मुलींच्या कंपूंवर पालकांसाठी एक पुस्तक लिहिले. ‘मीन गर्ल्स’ (२००४) हा गाजलेला चित्रपट त्यावरूनच निघाला. कंपूतल्या प्रत्येकीची भूमिका त्यांनी नाव देऊन सांगितली आहे. एक राणी माशी असते आणि एक तिची उजवा हात. एक असते ‘बँकर’, सगळ्यांची गुपिते जमा करून वेळेवर व्याजासह वसूल करणारी. एक जण लक्ष्य ठरलेली. आणि एक असते, जिला जे चालले आहे ते पटत नाही, पण बोलायचे धैर्य होत नाही. काठावर उभी राहून ती ओढाताण सोसते.

या काठावरच्या मुलीची गोष्ट मी अलीकडेच ऐकली. माझी भाची दहावीत आहे. ‘वन ऑफ अस इज लाइंग’ वाचून झाल्यावर तिचा फोन आला.

‘‘मावशी, खुनाचं गणित मला अर्ध्यातच सुटलं होतं,’’ ती ऐटीत म्हणाली.

‘‘मग शेवटपर्यंत वाचलंस कशाला?’’

‘‘अ‍ॅडीचं काय होतं ते बघायला. तिच्या मैत्रिणी एका दिवसात कशा फिरल्या, ते वाचताना पोटात गोळाच आला माझ्या.’’

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, ‘‘आमच्या वर्गात पण असं झालंय. आमचा ग्रुप होता ना व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यातून एकीला काढलं नाही. तिला कळेल ना मग. म्हणून तिला सोडून दुसरा ग्रुप केला. जुन्यात आता कोणीच काही लिहीत नाही. ती मात्र रोज ‘गुड मॉर्निंग’ टाकते.’’

‘‘कोणी केलं हे?’’

‘‘मी नाही केलं. मी नुसती नव्या ग्रुपमध्ये आहे.’’ मग आवाज उतरला. ‘‘मावशी, त्या पुस्तकात गप्प बसणारेपण दोषीच निघतात ना गं?’’

प्रश्न मला होता, पण उत्तर तिला मिळालेले होते. मी एवढेच विचारले, ‘‘मधल्या सुट्टीत ती कुठे बसते?’’ तिला ते ठाऊक होते. जिन्याच्या खालच्या पायरीवर. दुसऱ्या दिवशी माझी भाची आपला डबा घेऊन तिथे जाऊन बसली. ती मुलगी पहिले दोन दिवस तिच्याशी धड बोललीही नाही. बोलायचे तिने का? तीन आठवडे एकटीने डबा खाल्ला होता तिने. तिसऱ्या दिवशी मात्र तिने लोणच्याची फोड पुढे केली.

आता यात खुनाच्या पुस्तकाचा हात किती, हे कसे मोजणार? पण एक मात्र खरे. ‘मैत्रिणींशी चांगले वागावे’ हा धडा माझ्या भाचीने पहिलीपासून दर वर्षी वाचलेला आहे. त्या धड्याने तिला जिन्यापर्यंत नेले नव्हते.

पुस्तके जिथे तोकडी पडतात

म्हणून ही पुस्तके डोळे मिटून हातात द्यावीत, असे मात्र नाही. त्यांच्यात काही उणिवा आहेत आणि त्या मुलींना आपोआप कळत नाहीत.

पहिली उणीव गोष्टीच्या रचनेतली आहे. रहस्यकथेला शेवटी एक दोषी लागतो. तो सापडला की बाकीचे निर्दोष सुटतात. खऱ्या मैत्रीत असा एकच दोषी क्वचित असतो. आज जी दुसरीला रडवते, ती उद्या स्वतः रडते. शिवाय ‘टॉक्सिक’ हा शब्द या मुलींच्या तोंडी इतका बसला आहे, की वही वेळेवर परत न करणारी मैत्रीणही टॉक्सिक ठरते. हेवा, रुसवा, स्पर्धा हे या वयाचे नेहमीचे ऊनपाऊस आहे. प्रत्येक रुसवा म्हणजे विष नव्हे, हे मोठ्यांनी सांगावे लागते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. या पुस्तकांत मोठी माणसे जवळजवळ निरुपयोगी असतात. पोलीस चुकीच्या माणसामागे लागतात, शिक्षक काही ना काही लपवत असतात. हॉली जॅक्सनच्या पिपला तर प्रेमळ, हसतेखेळते घर आहे. तरी धमकीची चिठ्ठी आल्यावर ती घरी सांगत नाही. तिने सांगितले, तर कादंबरी तिथेच संपेल, म्हणून लेखिकेला ते करून चालणार नाही. पण चौदा वर्षांची वाचक यातून नकळत शिकते, की संकट जितके मोठे, तितके ते घरात लपवायचे. हा धडा पुस्तक बंद करताना पुसून टाकायला हवा.

आणि तिसरी गोष्ट वयाची. ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’मध्ये अमली पदार्थ, आत्महत्या, मुलींना गुंगीचे औषध देणे असे विषय येतात. याच मालिकेतले तिसरे पुस्तक, ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज डेड’ (२०२१), तर पहिल्यापेक्षा पुष्कळच काळोखे आहे. पहिले पुस्तक तेराव्या वर्षी पचले, म्हणून तिसरेही लगेच पचेल, असे समजू नये. मालिका आहे म्हणून तिन्ही पुस्तकांचा संच वाढदिवसाला देणाऱ्या काका-मामांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

दोन खऱ्या गोष्टी

पुस्तकातला खून आणि घरातला मृत्यू यांत किती अंतर असते, हे लुईस डंकन यांच्याइतके कुणाला कळले नसेल. १९८९च्या जुलैत, अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात, त्यांच्या अठरा वर्षांच्या धाकट्या मुलीवर ती गाडी चालवत असताना कुणीतरी गोळ्या झाडल्या. ती वाचली नाही. तरुण मुलींवरच्या संकटांच्या कथा लिहिणाऱ्या आईच्या वाट्याला आता न उलगडणारे रहस्य आले. पोलिसांचे निष्कर्ष तिला पटेनात. ‘हू किल्ड माय डॉटर?’ हे पुस्तक तिने १९९२ मध्ये लिहिले आणि पुढली कित्येक वर्षे ती त्या तपासाचा पाठपुरावा करत राहिली. पूर्वीसारख्या थरारकथा लिहिणे तिने जवळजवळ सोडून दिले. १९९७ मध्ये तिच्या जुन्या कादंबरीवरचा तो चित्रपट आला. कादंबरीतल्या चौघांपैकी कुणाचाच जीव जात नाही. चित्रपटात मात्र आकडा घेतलेला मारेकरी मुलामुलींना एकामागून एक मारत सुटतो. ते पाहून डंकन यांनी उघडपणे नापसंती व्यक्त केली. त्या २०१६ मध्ये वारल्या. थिएटरात प्रेक्षक ज्या किंकाळीवर शिट्ट्या मारतात, ती किंकाळी त्या आईला कशी ऐकू आली असेल?

दुसरी गोष्ट न्यूझीलंडमधली. ख्राइस्टचर्च शहरात पॉलिन पार्कर आणि ज्युलिएट हूम या दोन शाळकरी मुली. दोघींनी लहानपणी मोठी आजारपणे काढली होती, दोघी हुशार, दोघींना लिहिण्याचे वेड. त्यांनी मिळून एक काल्पनिक जग रचले, त्यातली पात्रे, त्यांची नावे, त्यांच्या कथा. हळूहळू त्या जगात तिसऱ्या कुणाला जागा उरली नाही. ज्युलिएटच्या आईवडिलांचा संसार मोडत आला आणि तिला परदेशी पाठवायचे ठरले, तेव्हा आपली ताटातूट होणार आणि पॉलिनची आई त्याच्या आड येते आहे, असे दोघींनी मनात घेतले. २२ जून १९५४ रोजी त्यांनी तिला फिरायला नेले आणि ठार मारले. पॉलिन सोळा वर्षांची होती, ज्युलिएट पंधरा. पॉलिनच्या रोजनिशीत बेत लिहिलेला सापडला. वयामुळे फाशी टळली आणि सुमारे पाच वर्षांनी दोघी सुटल्या. ज्युलिएटने नाव बदलले. ती पुढे अ‍ॅन पेरी या नावाने रहस्यकथांची नामवंत लेखिका झाली. हे जगाला कळले १९९४ मध्ये, पीटर जॅक्सन यांनी त्या घटनेवर ‘हेवनली क्रीचर्स’ हा चित्रपट काढला तेव्हा. २०२३ मध्ये त्या वारल्या.

अशा घटना अगदी विरळा. घरोघरी भीती घेऊन बसावे, असे त्यात काही नाही. पण या हकीकतीत एक बारकावा आहे, जो कादंबऱ्यांत सहसा नसतो. इथे कुणी राणी माशी नव्हती, कुणी कुणाला गुपितावरून नाचवत नव्हते. दोघींचे एकमेकींवाचून पानही हलत नव्हते, एवढेच. मैत्री बिघडते ती दरवेळी द्वेषानेच बिघडते असे नाही. जिच्यात बाहेरचे दार-खिडकी उरलेली नाही, ती मैत्री वरून कितीही गोड दिसली, तरी तिकडे लक्ष असू द्यावे.

आईवडिलांनी काय करावे?

पुस्तक हिसकावून घेऊ नये. हिसकावलेले पुस्तक मैत्रिणीकडून परत येते आणि उशीखाली जाते. मग त्यावर बोलायची सोयच उरत नाही. त्यापेक्षा तिचे वाचून झाले, की स्वतः मागून घ्यावे. इंग्रजी फार सफाईने येत नसेल, तर मुलीलाच गोष्ट सांगायला लावावी. पोळ्या लाटताना, गाडीवरून क्लासला सोडताना, कधीही. मुले समोरासमोर बसवून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत नाहीत. हातात काम असताना मात्र भरभरून बोलतात.

आणि विचारायचे ते पात्रांविषयी. ‘तुला कोणी त्रास देतं का?’ असे विचारले, की ‘नाही’ हे उत्तर ठरलेले. पण ‘ती अ‍ॅलिसन असं वागायची, तरी बाकीच्या तिला सोडत का नव्हत्या?’ असे विचारून पाहा. ‘सलच्या मित्रांच्या जागी तू असतीस तर?’ असे विचारा. दुसऱ्याच्या आडून मुलगी जे बोलेल, त्यात तिचे स्वतःचे पुष्कळ असेल. त्या वेळी तिला धडा शिकवू नका. नुसते ऐका.

खऱ्या मैत्रीविषयी लक्ष ठेवायच्या खुणा त्या मानाने साध्या आहेत. एका विशिष्ट मैत्रिणीचा फोन येऊन गेला, की मुलगी दर वेळी हिरमुसते का? बाकीच्या मैत्रिणींची नावे हळूहळू बोलण्यातून गेली का? ‘तिला आवडत नाही’ म्हणून हिने कपडे, आवड, छंद, कुणाशी तरी बोलणे सोडले आहे का? शाळेच्या दिवशीच डोके किंवा पोट दुखते का? यातले एखादे एखाद दिवशी दिसले, तर सोडून द्यावे. महिनाभर दिसत राहिले, तर वर्गशिक्षकांना भेटावे. मुलगी खाणे-झोपणे सोडून बसली, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागली, तर ‘वय आहे, जाईल’ म्हणून थांबू नये. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन आकडे फ्रिजवर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

हे सारे मुलींबद्दल लिहिले, म्हणून मुलांच्या आईवडिलांनी निश्चिंत होऊ नये. क्रिकेटच्या टीममधून एकाला न सांगता वगळणे, ग्रुपवर त्याची चित्रे काढून टिंगल करणे आणि ‘अरे गंमत केली’ म्हणून सोडून देणे, हा तोच मार आहे. डंकन यांच्या कादंबरीतल्या त्या गाडीत दोन मुलगे होते, हेही विसरू नये. गाडी त्यांच्यापैकीच एक जण चालवत होता.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने मुलांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी, आणि ती पुस्तकावर बोलता बोलताच सांगण्यासारखी आहे. मैत्रिणीचे गुपित राखावे, हे खरे. पण ज्या गुपिताने कुणाच्या जिवाला धोका आहे, ते गुपित राखायचे नसते. ते मोठ्या माणसाला सांगणे म्हणजे चहाडी नव्हे. त्या गाडीतल्या चौघांपैकी एकाने जरी त्याच रात्री घरी जाऊन आईला उठवले असते, तरी पुढचे काही घडले नसते. आईने आरडाओरडा केला असता, रडली असती, कदाचित मारलेही असते. पण मग चप्पल घालून ती त्यांच्याबरोबर पोलीस चौकीत गेली असती. आपल्या घरातली आई तशी निघेल, याची खात्री मुलांना आहे ना, एवढे आपण पाहावे.

ती खात्री असेल, तर पुस्तक खुशाल वाचू द्या. आणि तुमचे वाचून होण्याआधीच तिने खुन्याचे नाव फोडले, तर रागावू नका. तिला राहवत नसते. मनात आलेले आईला सांगून टाकायची ती सवय मोडू नये, हेच बरे.